भिंगरीचं पडून राहणं

नुसतं पडून राहायचं. डॉक्टरांनी माझ्या भावजयीला एवढंच काम दिलं होतं, आणि नेमकं तेवढंच तिला जमत नव्हतं. मला कुणी सांगून बघा म्हणावं! जेवायला उठा म्हणून चारदा हाका मारायला लावीन. पण ही पडली जन्माची उभी बाई. बसमध्ये कंडक्टर. दिवसभर हलत्या गाडीत, कशाला न धरता, एका हातात तिकिटाचं मशीन आणि दुसऱ्या हाताने माणसं पुढे सरकवत राहायची. "चला, पुढे चला, मधे जागा आहे, दाराशी लग्न लागलंय का?" डेपोत तिला सगळे भिंगरी म्हणायचे. लग्न होऊन आमच्या घरात आली ती हे नाव घेऊनच आली, आणि आम्हीही दुसरं काही म्हणायच्या भानगडीत पडलो नाही.

माझा धाकटा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर. तोंडाला कुलूप लावून जन्माला आलेला माणूस. दोघांची ड्यूटी एका गाडीवर लागली, आणि महिनोन्‌महिने त्यांनी एकमेकांचं तोंडसुद्धा धड पाहिलं नव्हतं. तो पुढे बघून गाडी हाकणार, ही मागे तिकिटं देणार. बोलणं काय ते घंटीचं. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. एक दिवस मला म्हणतो, "ताई, तिच्या बेलवरून मला कळतं आज ती कशी आहे ते." मी म्हटलं, "मग करून टाक लग्न. तुला नाहीतरी बोलायचा कंटाळाच आहे."

लग्नानंतर घरातही तेच सुरू झालं. वाढणं पुरे झालं की ही ताटाला एकदा टिचकी मारणार, की त्याचा हात जागच्या जागी थांबणार. बाहेर पडताना दाराच्या कडीवर दोनदा टकटक, की तो खाली स्कूटर सुरू करणार. पहिल्यांदा मला मौज वाटली. मग डोकं उठायला लागलं. म्हटलं, अरे माणसांसारखं बोला की मेल्यांनो, घर आहे का डेपो आहे हा?

तिला दिवस राहिले तेव्हा ती शेवटपर्यंत ड्यूटी करणार म्हणाली होती. निम्मे दिवस भरत आले आणि सोनोग्राफीत दिसलं. बाळाच्या पाठीचा कणा खाली एका जागी मिटलेलाच नव्हता. तिथली कातडी उघडी, मणके उघडे, आणि आतल्या नसांचा गड्डा बाहेर आलेला. याच नसा पुढे पायांकडे आणि लघवीच्या जागेकडे जातात. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. उघड्या राहिलेल्या नसा पोटातल्या पाण्यात जितके दिवस राहतील तितक्या खराब होत जातात. बाळ जन्मल्यावर पाठ मिटवता येते, नेहमी तसंच करतात. नाहीतर आत्ताच करायचं. आईचं पोट उघडायचं, गर्भाची पिशवी उघडायची, बाळाला आतच ठेवून त्याची पाठ मिटवायची, आणि मग सगळं परत शिवायचं. तसं केलं तर पायांची आशा जास्त, डोक्यात पाणी साठायची भीती कमी.

"म्हणजे दुरुस्त होईल," माझा भाऊ म्हणाला. आठवड्यातलं त्याचं पहिलं वाक्य असेल.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आहे ते आणखी बिघडू नये म्हणून करायचं. आणि यात धोका असा, की बाळ वेळेआधी बाहेर येऊ शकतं."

भिंगरीने एकच विचारलं. "चालेल का ते?"

"बघू या."

हा 'बघू या' मी नंतर इतक्यांदा ऐकला की तो शब्द कुणी उच्चारला तरी तळपायाची आग मस्तकात जायची. ऑपरेशन कसं झालं? छान झालं, पुढचं बघू या. बाळ पाय हलवतंय का? सोनोग्राफीत थोडं हलल्यासारखं वाटतंय, बघू या. अहो, तुम्ही एवढे शिकलेले, मग बघा ना! पण बाई खरं बोलत होत्या हेही मला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग यायचा. खोटं बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

ऑपरेशननंतर सांगितलं, हॉस्पिटलपासून लांब जायचं नाही. पोटाला आणि पिशवीला टाके आहेत, कळा सुरू झाल्या तर पिशवी फाटू शकते, तेव्हा जरा काही वाटलं की लगेच या. म्हणून हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बाहेरच्या खोलीत ओटा आणि नळ, आतल्या खोलीत एक कॉट, मधे प्लायवूडची भिंत. भावाला ड्यूटी सुटेना, तो सुट्टीच्या दिवशी यायचा. मी शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करते. सुपरवायझरच्या नाकी नऊ आणून रजा काढली आणि राखणीला जाऊन बसले.

राखण कसली, कोंडवाड्यावरचा पहारा. दूध तापवायला वळले की ही उठून खिडकीशी. भाजी चिरायला बसले की हिने उशांचे अभ्रे काढून धुवायला टाकलेले. एकदा मी जिन्यावरून वर आले तर ही स्टुलावर चढून पडद्याची दोरी सारखी करतेय! स्टुलावर! पोटाला टाके! माझ्या तोंडून काय काय गेलं ते मी इथे सांगत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, पडदा एका बाजूला लोंबत होता हो. दिवसभर त्याच्याकडेच बघायचं म्हणजे..." एरवी मला ताई म्हणते. चिडवायचं असलं किंवा चिडली असली की वन्सं.

कॉटवर पडून ती रस्त्यावरच्या गाड्या ऐकायची. "हा मेला क्लच जाळतोय. ऐका ताई, गिअर कसा टाकला ते! याला गाडी कुणी दिली?" आणि पोटावर हात ठेवून आतल्या जिवाशी बोलायची. "ए प्रवासी, उतरू नकोस हं अजून. स्टॉप यायचाय. घाई करून चालत्या गाडीतून उतरलास तर तंगडी..."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मीही ओट्याकडे तोंड करून नळ सोडला.

त्यात पाहुणे! डेपोतली माणसं यायची ती निदान दारातूनच हात हलवून जायची, त्यांना ड्यूटी असायची. पण आमची मावशी आली ती पर्स कुशीत घेऊन कॉटच्या कडेलाच बसली. "म्हणजे गं, बाहेर काढलं, शिवलं, आणि परत आत ठेवलं?"

"हो," मी म्हटलं, "आणि वरून झाकणही घट्ट लावलं. तू आता आवाज हळू कर."

मावशीच्या जिभेला हाड नाही. म्हणाली, "बसचे धक्के गं. मी तेव्हाच म्हटलं होतं. अशा अवस्थेत दिवसभर बसमध्ये उभं राहणं म्हणजे काय! त्या धक्क्यांनीच उसवलं पोराचं."

डॉक्टरीणबाईंनी हे आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. कणा मिटायचा तो पहिल्याच महिन्यात मिटतो किंवा राहतो. आईला दिवस राहिल्याचं कळायच्याही आधी. धक्क्यांचा काही संबंध नाही. मी मावशीला ते सगळं परत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "डॉक्टर काय, म्हणणारच," म्हणाली. आणि एवढं ऐकून घेऊन भिंगरी काय करते? "मावशी, चहा घेणार ना?" म्हणून पाय खाली सोडते!

मावशीला मी जिन्यापर्यंत पोचवलं, म्हणजे जवळजवळ ढकललंच. परत आले आणि इतक्या दिवसांचं सगळं तिच्यावर काढलं.

"तुला हे मूल हवंय का नकोय? एकदा सांगून टाक. माझी रजा तरी वाचेल."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं आता उलट बोलेल, भांडण होईल, बरं वाटेल दोघींना. पण ती हळूच म्हणाली, "उभी असले ना ताई, की मी काहीतरी बघत असते. स्टॉप, माणसं, सुटे पैसे. पडले की डोळ्यांसमोर एकच येतं. पाय. बाकी बाळ नाहीच, नुसते दोन पाय. आत सारखं हलतं काहीतरी. ढोसतं. पण ते हाताने ढोसतंय का पायाने, हे मला आई असून कळत नाही. आणि कुणीच सांगत नाही."

  मी तिच्या डोक्याला तेल लावत बसले. ती रडली, मग मीही रडले, मग दोघींना एकमेकींचा राग आला आणि आम्ही जेवून घेतलं.

त्याच दिवशी आमचा करार झाला. ओरडून हाक मारली की तिचे टाके ओढायचे, म्हणून तिने भिंतीवर ठोकायचं ठरवलं. दुसरं काय सुचणार तिला! "दोनदा ठोकलं म्हणजे सगळं ठीक, तुमचं चालू द्या. एकदा ठोकलं म्हणजे ताई, हातातलं असेल ते टाकून धावत या." त्यानंतर मात्र ती खरोखरच पडून राहायला लागली. अधूनमधून भिंतीवर टक-टक व्हायची, आणि मी मुकाट्याने भाकरी... छे, खोटं कशाला बोलू, मुकाट्याने नाही, "ऐकलं गं बाई" असं म्हणत माझं काम करायचे. दिवस सरत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जितके दिवस आत राहील तितकं चांगलं. एक एक दिवस पदरात पाडून घ्यायचा.

भावाच्या सुट्टीचा दिवस होता. भिंगरीला दुपारचा डोळा लागला होता. भाऊ नळाशी भांडी विसळत होता, बारीक आवाजात रेडिओ लावला होता. मी म्हटलं, तू आहेसच तर मी तिच्या गोळ्या घेऊन येते. कोपऱ्यावर तर दुकान. गेले आणि आले.

दार उघडलं तर रेडिओ बंद, नळ बंद, आणि माझा भाऊ ओट्यापाशी पुतळ्यासारखा उभा. हातात पातेलं. पातेल्यातून पायावर पाणी ठिबकतंय.

"काय रे?"

तो अगदी हळू म्हणाला, "तिने बेल दिली. थांबलोय."

"किती बेल?"

"एक."

माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली. "आणि तू आत गेला नाहीस?"

"आवाज बंद कर म्हणाली असेल, असं वाटलं. एका बेलला थांबायचं असतं ताई. काही झालं असतं तर तिने सलग मारली असती ना?" तो खरंच गोंधळला होता. "ड्रायव्हर एका बेलला मागे वळून बघत नाही."

मी त्याला बाजूला सारून आत धावले. भिंगरी कुशीवर, गुडघे पोटाशी, ओठ दाताखाली, आणि अंथरूण ओलं. पाणी गेलं होतं. कळ येऊन गेली तशी म्हणाली, "तुम्हाला एक बेल दिली होती मी."

"अगं, मी बाहेर गेले होते! परत ठोकायचंस ना!"

"परत ठोकलं असतं तर डबल झालं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं असतं, सगळं ठीक आहे."

आता सांगा, कुणाच्या डोक्यात दगड घालायचा? ही आत मोजून एक ठोकून वाट बघत बसली, तो बाहेर, आमच्या कराराचा पत्ताच नसलेला, मोजून एक ऐकून थांबून राहिला. मधे प्लायवूडची भिंत. जगात दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने हातातलं पातेलं तरी खाली ठेवलं असतं आणि डोकावून "काय गं?" विचारलं असतं.

फाटक समोरच होतं. स्ट्रेचर आलं, तिला आत नेलं. पोट परत त्याच जागी उघडावं लागणार होतं, नेहमीसारखं बाळंतपण तिला चालणारच नव्हतं. बाहेर बाकावर मी भावाला वाट्टेल ते बोलले. गाढव म्हटलं, दगड म्हटलं, तुझ्यापेक्षा तुझी बस शहाणी म्हटलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "ती थांब म्हणाली म्हणून थांबलो गं." आणि त्याचा चेहरा असा झाला की पुढची शिवी सोडून मी त्याच्यासाठी पाणी आणायला उठले.

मुलगी झाली. वेळेआधी, एवढीशी, पण रडली. डॉक्टरीणबाईंना मी पहिलं तेच विचारलं, की हा बावळटपणा झाला नसता तर? त्या म्हणाल्या, तेवढ्या वेळाने काही फरक पडला नाही, पाणी गेलं तेव्हाच हे ठरलं होतं. म्हणजे बसचे धक्केही नाहीत, आणि आमचा हा पुतळाही नाही. कुणाचीच चूक नाही. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण मला इतक्या दिवसांचा राग कुणाच्या तरी पदरात टाकायचा होता, आणि कुणी पदर पसरायलाच तयार नाही. असला वैताग मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आणि भावाला आत सोडलं. काचेच्या पेटीत ती पोटावर झोपली होती. पाठीवर खाली एक शिवणीसारखी रेघ. नीट मिटलेली, कोरडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाठ छान भरली आहे, डोकंही सध्या ठीक आहे. मग त्यांनी पेटीच्या भोकातून हात घातला आणि उजव्या तळपायावर बोट फिरवलं. पाय झटकन वर! असा तोऱ्यात ओढून घेतला की थेट आईवर गेली म्हणावं. मी भावाचा दंड धरला.

मग डावा. बोट फिरवलं. मांडी जराशी हलली, पाऊल नाही. परत फिरवलं. पाऊल तसंच लोंबत राहिलं, झोपल्यासारखं.

"पुढे व्यायाम, पायाला आधाराची पट्टी, लघवीच्या तपासण्या," त्या म्हणाल्या. "बाकी..."

"बघू या," मीच म्हटलं.

आता हे भिंगरीला सांगायचं कुणी? भाऊ तर जिन्यातच मागे राहायला लागला. एरवी चार घरांना पुरेल एवढी जीभ माझ्या तोंडात, आणि वॉर्डच्या दाराशी आले तर मी चपलेचा पट्टाच नीट करत बसले. भिंगरी उताणी पडली होती. परत टाके, परत कॉट. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. कंडक्टर आहे, माणसाचं तोंड बघून तिला कळतं तिकीट काढलंय का नाही.

"बोलू नका," ती म्हणाली. "नुसतं सांगा. एक का डबल?"

मी बोट वर केलं. "एक."

ती छताकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी कानांत गेलं, तिने ते पुसलं नाही. मी म्हटलं, उजवा झकास आहे, लाथ मारते तुझ्यासारखी, पाठ मिटलीय, डोकं ठीक आहे. सगळं एका दमात. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

मग म्हणाली, "एक बेल म्हणजे थांबा, वन्सं. गाडी बंद पडली असं नाही."

आणि नवऱ्याकडे वळली. तो पायथ्याशी उभा होता, कॉटची दांडी दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखी धरून. "ए ड्रायव्हर, नीट ऐक. पोरीची एक बेल झाली, की यापुढे मागे वळून बघायचं. नियम बदललाय."

त्याने मान हलवली. दोनदा हलवली. मग दांडी सोडून कडेला आला आणि लहान मुलासारखा रडला.

"पुरे," भिंगरी म्हणाली. "उठवा मला. पोरीला बघायचंय."

एरवी मी ओरडले असते, पडून राहा म्हणून. तोंडात आलंच होतं. नर्स म्हणाली, आता उठायला हरकत नाही, हळूहळू चालवा. तेव्हा एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्याने, आणि आम्ही तिला उभी केली.